भयगंड : कारणमीमांसेचा इतिहास

भयगंड : विशिष्ट वस्तू, प्राणी, स्थळ वा प्रसंग यांविषयी वाटणारी, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अतोनात असलेली आणि दीर्घकाळ टिकून राहणारी भीती म्हणजे भयगंड होय. भीती स्वभावतः विकृत नसते. पावसाळ्यात अंधार पडल्यावर कोकणातला शेतकरी हातात बॅटरी घेतल्याशिवाय बांधावर पाऊल टाकत नाही. फुरशांच्या प्रदेशात हा विवेकच ठरतो. परंतु सापाचे चित्र असलेले पान उलटण्याचे धैर्य होत नाही म्हणून आपल्या मुलाचे पाठ्यपुस्तक हातात घेण्याचेच एखादी व्यक्ती टाळू लागली, तर तिची भीती भयगंडाच्या कक्षेत जाते. आपली भीती अवास्तव आहे, हे अशा व्यक्तीला बहुधा कळत असते. मात्र त्या जाणिवेने भीती ओसरत नाही. याउलट, ती भित्री आहे, ढोंगी आहे किंवा हट्टी आहे, असा ठपका घरच्यांकडून येतो आणि भीतीत शरमेची भर पडते.

‘भयगंड’ या मराठी संज्ञेतील ‘गंड’ हा शब्द न्यूनगंड, अहंगंड, इडिपस गंड या मालिकेतील आहे. दडपलेल्या भावनांचा मनात बसलेला गुंता, अशी मनोविश्लेषणातील कल्पना त्यामागे आहे. म्हणजे विकाराच्या मराठी नावातच त्याच्या उत्पत्तीविषयीचे एक मत गृहीत धरलेले आहे. ते मत आता सर्वमान्य राहिलेले नाही. शब्द मात्र रूढ झाला आहे. यूरोपीय भाषांतील ‘फोबिया’ या संज्ञेचा उगम ग्रीक ‘फोबोस’ या शब्दात असून फोबोस हा युद्धदेव एरीझचा, शत्रूला पळता भुई थोडी करणारा पुत्र मानला जाई.

प्राचीन वैद्यक : हिपॉक्राटीझच्या नावावर असलेल्या वैद्यकीय संहितेत या विकाराच्या दोन उल्लेखनीय नोंदी आढळतात. निकॅनॉर नावाच्या गृहस्थाला रात्रीच्या मेजवानीत बासरीवादिनीचे सूर ऐकू येताच धडकी भरे. दिवसा तेच सूर ऐकताना त्याला काही वाटत नसे. डेमोक्लीझ नावाच्या दुसऱ्या रुग्णाला कड्याच्या काठाने किंवा पुलावरून जाता येत नसे. उथळ खंदकाच्या कडेनेही तो चालू शकत नसे. खंदकात उतरून मात्र तो चालत जाई. भीतीचा विषय किती काटेकोरपणे ठरलेला असतो, हे या नोंदींवरून दिसते. उत्पत्तीचा प्रश्न मात्र त्यांत विचारलेला नाही.

इ. स. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने ‘पाण्याचे भय’ या अर्थाची ग्रीक संज्ञा वापरली, ती पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशानंतर होणाऱ्या रोगासंबंधी. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात याच लक्षणाला ‘जलत्रास’ म्हटले आहे आणि ते मरणसूचक मानले आहे. दोन्ही परंपरांचे निरीक्षण अचूक आहे. मात्र हे भय मनाने शिकलेले नसते. विषाणूने मज्जासंस्थेवर केलेल्या आघातामुळे घशाचे स्नायू आकसतात व पाणी असह्य होते. यूरोपीय वैद्यकात ‘फोबिया’ हा शब्द पुढे कित्येक शतके मुख्यत्वे या एकाच रोगाशी निगडित राहिला.

अनुभव आणि विस्मृती : भीतीचा उगम व्यक्तीच्या गतानुभवात शोधण्याचा पहिला सुस्पष्ट प्रयत्न वैद्यांचा नव्हे, तर तत्त्वज्ञांचा होता. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त (१५९६–१६५०) याने १६४९ साली प्रसिद्ध झालेल्या मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात काही व्यक्तींना गुलाबाचा वास वा मांजराचे सान्निध्य सोसत नाही, याची चर्चा केली आहे. अशी व्यक्ती पाळण्यात असताना गुलाबाच्या वासाने तिचे डोके दुखले असेल किंवा मांजराने तिला भेवडावले असेल. त्या घटनेची आठवण पुसली गेली, पण मनावरील ठसा मात्र उरला, असे त्याचे अनुमान आहे. जॉन लॉक (१६३२–१७०४) याने आपल्या मुख्य ग्रंथाच्या १७०० सालच्या आवृत्तीत कल्पनांच्या साहचर्यावर एक नवे प्रकरण घातले. भुताखेतांचा अंधाराशी वास्तविक काही संबंध नसतो. परंतु एखादी दाई मुलाच्या मनावर या दोहोंची सांगड घालून देते व पुढे ती सुटत नाही, असे त्याने दाखविले. बागुलबुवाची धमकी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे उदाहरण परके वाटू नये. विसाव्या शतकातील दोन बलाढ्य विचारपंथांचे बीज या दोघांच्या लेखनात आहे : विसरलेली बाल्यातील घटना आणि चुकीचे साहचर्य. त्यांतील गोमही तेव्हापासूनचीच. घटना आठवत नसेल, तर ती घडली होती हे ठरवायचे कसे?

व्हेस्टफालचे रुग्ण : अठराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन वैद्य बेंजामिन रश याने नाना प्रकारच्या भयांची काहीशा विनोदी अंगाने यादी केली. भयगंडाचा आधुनिक वैद्यकीय अभ्यास मात्र कार्ल व्हेस्टफाल (१८३३–९०) या बर्लिनच्या मनोविकारतज्ञापासून सुरू होतो. १८७१ मध्ये त्याने तीन पुरुष रुग्णांचे वर्णन केले. शहरातील मोकळे चौक वा निर्जन रस्ते ओलांडताना त्यांना विलक्षण धास्ती वाटे. सोबतीला कोणी असल्यास, एखाद्या वाहनाच्या मागोमाग जाता आल्यास किंवा हातात काठी असल्यास ती सुसह्य होई; थोडी बिअर वा वाइन घेतल्यानेही हायसे वाटे. या विकाराला त्याने ‘अ‍ॅगोराफोबिया’ हे नाव दिले. मराठीत त्याला प्रांगणभय म्हणता येईल. व्हिएन्नातील मोरित्स बेनेडिक्ट याने आदल्याच वर्षी अशाच तक्रारींचे वर्णन केले होते. परंतु त्याने त्या भोवळीचा प्रकार मानल्या होत्या. व्हेस्टफालने हा मुद्दा खोडून काढला. रुग्णाला चक्कर येत नाही, त्याला भीती वाटते. आणि कशाची, हे त्याला सांगता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. कारण आपल्याला ठाऊक नाही, हे रुग्णाचे उत्तर त्याने जसेच्या तसे नोंदविले. त्याच्यानंतरच्या अनेक थोर अभ्यासकांना एवढा संयम साधला नाही.

विकाराचे खापर नव्या नगररचनेवर फोडण्याचाही प्रयत्न झाला. व्हिएन्नाचा वास्तुशास्त्रज्ञ कामिल्लो झिट्टे याने १८८९ मध्ये प्रांगणभयाचा संबंध आधुनिक शहरांतील अवाढव्य, उघड्या चौकांशी जोडला. या मताला वैद्यकात फारसा आधार मिळाला नाही. दरम्यान प्रत्येक भयाला ग्रीक नाव देण्याची टूम निघाली व अशा नावांची संख्या शंभराच्या वर गेली. नाव दिल्याने कारण उमगल्याचा आभास निर्माण होतो, एवढेच तिचे फलित म्हणावे लागेल.

मनोविश्लेषणवादी उपपत्ती : सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) याने १९०९ साली पाच वर्षांच्या एका मुलाच्या अश्वभयाची प्रदीर्घ चिकित्सा प्रसिद्ध केली. लेखात त्याला ‘हान्स’ म्हटले आहे. घोडा आपल्याला चावेल या भीतीने हा मुलगा घराबाहेर पडेनासा झाला होता. मुलाचे वडील फ्रॉइडच्या वर्तुळातीलच होते. मुलाशी संभाषणे करून ती टिपून पाठविण्याचे काम त्यांनी केले. खुद्द फ्रॉइडने या उपचारांच्या काळात मुलाला एकदाच पाहिले. त्याच्या उपपत्तीनुसार मुलाचे खरे भय घोड्याचे नसून पित्याचे होते. आईविषयीची ओढ व पित्याविषयीचा मत्सर यांतून शिक्षेची धास्ती निर्माण झाली, ती अबोध मनात दडपली गेली आणि घोड्यावर विस्थापित झाली. या अदलाबदलीत मुलाची सोयच होती, हे फ्रॉइडचे निरीक्षण मार्मिक आहे : पिता घरातच असतो व तो प्रियही असतो, घोडा मात्र घरात बसून टाळता येतो.

याच वृत्तांतात आणखी एक घटना आहे. भीती सुरू होण्याच्या सुमारास ओझ्याची घोडागाडी ओढणारा एक घोडा रस्त्यात कोसळून पाय झाडत असताना हान्सने पाहिला होता. फ्रॉइडने तिला केवळ निमित्तकारण मानले. १९६० साली जोसेफ वोल्पे आणि स्टॅन्ली रॅकमन यांनी त्याच वृत्तांताचे पुनर्वाचन करून, ही घटनाच भीतीचे पुरेसे कारण आहे व बाकीचा अर्थ वडिलांच्या सूचक प्रश्नांतून उपजला आहे, असे प्रतिपादन केले. त्यांची टीका पुष्कळ अंशी समर्पक आहे. पण एका मुलाच्या एका प्रसंगावरून सर्वसाधारण सिद्धांत उभारण्याचा दोष त्यांच्या पर्यायी स्पष्टीकरणालाही चिकटतोच. १९२२ मध्ये हा मुलगा फ्रॉइडला पुन्हा भेटला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा धडधाकट तरुण होता. स्वतःची प्रसिद्ध कहाणी त्याने वाचली होती. त्यातले त्याला काहीही आठवत नव्हते.

फ्रॉइडच्या मताचा एक भाग त्याचे अनुयायी आणि विरोधक दोघेही विसरतात. प्रांगणभयाच्या रुग्णाला केवळ बोलते करून भागत नाही. त्याला रस्त्यावर जाऊन आपल्या भीतीशी झगडायला लावल्यावरच विश्लेषण यशस्वी होते, असे त्याने १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात स्वच्छ लिहिले आहे.

अभिसंधानाची उपपत्ती : भीती प्रयोगशाळेत निर्माण करून दाखविण्याचा प्रयत्न जॉन बी. वॉटसन (१८७८–१९५८) आणि रोझली रेनर यांनी केला. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे झालेला हा प्रयोग १९२० साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयात वाढणारे ‘अल्बर्ट’ नावाचे एक शांत बालक त्यासाठी निवडण्यात आले. नऊ महिन्यांचे असताना ते पांढऱ्या उंदराला, सशाला वा कुत्र्याला भीत नव्हते. अकरा महिन्यांचे झाल्यावर त्याच्यापुढे उंदीर ठेवून त्याच वेळी त्याच्या पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडीचा घाव घालण्यात आला. एका आठवड्याच्या अंतराने झालेल्या दोन बैठकींत मिळून असे सात वेळा केल्यावर नुसता उंदीर पाहून बालक रडू लागले व दूर सरपटू लागले. पाच दिवसांनंतर ससा, कुत्रा, लोकरी कोट यांपुढेही कमीअधिक भीती दिसून आली. लाकडी ठोकळ्यांशी मात्र ते खुशाल खेळले. खोली बदलताच प्रतिक्रिया मंदावली. अंगठा तोंडात असला, की भीती दिसतच नसे आणि प्रयोगकर्त्यांना तो पुन्हा पुन्हा बाहेर काढावा लागे.

पाठ्यपुस्तकांतून हा प्रयोग वर्तनवादाचा निर्विवाद विजय म्हणून सांगितला गेला. मूळ वृत्तांत इतका ठाम नाही. तेथे बालक एकच आहे, तुलनेसाठी दुसरे नाही. नोंदींतील चढउतारही बरेच आहेत. बेन हॅरिस या इतिहासकाराने १९७९ साली पाठ्यपुस्तकांतील या प्रयोगाच्या विपर्यस्त कथनांचा सविस्तर परामर्श घेतला. यापेक्षाही गंभीर बाब नैतिक स्वरूपाची आहे. निर्माण केलेली भीती घालविण्यासाठी कोणतेही उपाय करण्यात आले नाहीत आणि बालक रुग्णालयातून गेले. ते केव्हा जाणार हे प्रयोगकर्त्यांना महिनाभर आधी माहीत होते. अल्बर्ट म्हणजे नेमका कोण, याविषयी २००९ पासून दोन परस्परविरोधी शोध पुढे आले आहेत. त्यांतील एका शोधाप्रमाणे तो लहानपणीच दगावला, तर दुसऱ्याप्रमाणे वार्धक्यापर्यंत जगला. आजच्या नियमांनुसार असा प्रयोग कोणत्याही संस्थेत संमत होणार नाही.

वॉटसनच्या मताप्रमाणे कोणत्याही वस्तूचे भय कोणालाही लावता यायला हवे. हे खरे नसल्याची शंका लवकरच आली. १९३० मध्ये चार्ल्स व्हॅलेंटाइन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आपल्याच लहान मुलीवर एक सौम्य चाचणी घेतली. ती नाटकघरातली दुर्बीण हाताळत असता त्याने मागे मोठ्याने शिटी वाजविली. मुलीने मागे वळून पाहिले, इतकेच. केसाळ सुरवंट समोर असताना तीच शिटी वाजविताच तिने किंकाळी फोडली. एल्सी ब्रेगमन हिने १९३४ मध्ये लाकडी आकार व कापडी पडदे यांच्या साहाय्याने बालकांत भीती उत्पन्न करण्याचे प्रयत्न केले. तेही निष्फळ ठरले. या निष्कर्षांकडे पुढील चार दशके जवळजवळ कोणी लक्ष दिले नाही.

तथापि अभिसंधानाच्या विचाराने उपचाराचा मार्ग खुला केला, हे मान्य केले पाहिजे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स हिने पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाचे ससाभय दूर केले. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा रोज थोडा थोडा जवळ आणला जाई. सशाला न भिणारी मुलेही त्याच्यासोबत खेळायला असत. शेवटी ससा त्याच्या मांडीवर आला. पीटरची भीती कशातून उद्‌भवली, हे जोन्सला ठाऊक नव्हते. ते ठाऊक असण्याची गरजही भासली नाही.

येथे या इतिहासातील एक महत्त्वाचा भेद पुढे येतो. भीती उत्पन्न का झाली आणि ती टिकून का राहिली, हे दोन प्रश्न निराळे आहेत. दुसऱ्याचे उत्तर ओ. होबार्ट मौरर याच्या १९४७ सालच्या द्विघटक उपपत्तीने दिले. भीतिदायक वस्तू टाळली, की तत्क्षणी सुटकेचे समाधान मिळते. ते समाधान टाळण्याच्या सवयीला प्रबलन देते. आणि टाळल्यामुळेच वस्तू निरुपद्रवी आहे हे अनुभवण्याची संधी कायमची हुकते. पूल टाळण्यासाठी रोज लांबचा फेरा घेणाऱ्या माणसाला पूल कोसळत नाही, याचा पुरावा मिळणार कोठून? दक्षिण आफ्रिकेतील वोल्पे (१९१५–९७) याने मांजरांवरील प्रयोगांनंतर सिद्ध केलेली आणि १९५८ च्या ग्रंथात मांडलेली क्रमशः असंवेदनीकरणाची पद्धती याच विचारधारेतील आहे. तीत स्नायूंच्या शिथिलीकरणासोबत रुग्णाला भीतीच्या चढत्या पायऱ्या कल्पनेने ओलांडायला लावतात.

उत्क्रांतिवादी विचार : १९६६ मध्ये लंडन येथील आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी भयगंड सुरू होण्याच्या वयाची तपासणी केली. प्राण्यांविषयीची भये बहुतांशी अगदी लहानपणी, समाजभय पौगंडावस्थेनंतर, तर प्रांगणभय ऐन तारुण्यात सुरू होते, असे त्यांना आढळले. सर्व भयगंड एकाच जातीचे नाहीत, याचा हा पहिला भरीव पुरावा होता. अमेरिकन मनोविकारतज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानसंहितेत त्यांचे पृथक् वर्ग केले. १९७१ मध्ये मार्टिन सेलिगमन याने एक साधा प्रश्न विचारला : विजेचे सॉकेट, हातोडी वा चाकू यांनी माणसे वारंवार जखमी होतात, मग भयगंड साप, कोळी, उंची, अंधार यांचेच का आढळतात? त्याचे उत्तर असे, की आदिम मानवाला ज्या गोष्टींपासून धोका होता, त्यांचे भय चटकन शिकण्याची पूर्वसिद्धता उत्क्रांतीने मेंदूत ठेवली आहे. भय जन्मजात नसते. ते शिकण्याची तयारी जन्मजात असते.

या कल्पनेची उत्तम कसोटी सूझन मिनेका व मायकेल कुक यांनी १९८४ पासून केलेल्या ऱ्हीसस माकडांवरील प्रयोगांत लागली. प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नव्हती. रानातून आणलेले माकड सापाला पाहून घाबरताना त्यांनी पाहिले, की काही मिनिटांतच तीही भिऊ लागत आणि ते भय महिनोन्‌महिने टिके. पुढे चित्रफितीची जोडणी अशी बदलण्यात आली, की जणू तेच माकड फुलांना घाबरते आहे. पाहणारी माकडे फुलांना भ्यायला शिकली नाहीत. खेळण्यातल्या सापाला मात्र शिकली. आणखी एक निष्कर्ष पालकांच्या दृष्टीने मोलाचा आहे. सापापुढे शांत राहणारे माकड ज्यांनी आधी पुष्कळदा पाहिले होते, त्यांतील बहुतेकांवर नंतरच्या घाबरट माकडाचा परिणाम झाला नाही.

१९७७ मध्ये रॅकमनने भयप्राप्तीचे तीन मार्ग मांडले : स्वतःला आलेला अनुभव, दुसऱ्याचे पाहणे आणि ऐकीव माहिती. वॉटसनच्या एकमेव मार्गाविरुद्ध त्याने दिलेला एक पुरावा दुसऱ्या महायुद्धातील आहे. लंडनवरील बाँबवर्षावात लक्षावधी लोक पुनःपुन्हा भयभीत झाले. त्या मानाने कायमचे भयगंड जडलेल्यांची संख्या फारच थोडी होती. श्वानभय असलेल्या व नसलेल्या व्यक्तींची तुलना १९८८ मध्ये झाली, तेव्हा कुत्रा चावण्यासारखे दुःखद प्रसंग दोन्ही गटांत सारख्याच सुमारास आढळले. न्यूझीलंडमधील डनीडन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांच्या दीर्घकालीन पाहणीतील निष्कर्ष तर अपेक्षेच्या उलट निघाला. पाच ते नऊ या वयात पडून गंभीर इजा झालेल्यांत अठराव्या वर्षी उंचीचे भय अधिक नव्हे, तर कमी आढळले. काही भये शिकावी लागत नसून अनुभवाने ती ओसरावी लागतात आणि जी मुले मुळातच निर्धास्त असतात ती अधिक पडतात, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

रक्त व जखम यांच्या भयाची गोष्ट आणखी वेगळी. इतर भयांत नाडी व रक्तदाब वाढतो. येथे क्षणिक वाढीनंतर रक्तदाब एकदम उतरतो आणि रुग्ण बेशुद्ध पडतो. हा प्रकार कुटुंबांतून ठळकपणे चालत आलेला दिसतो. त्यावर शिथिलीकरण उपयोगी नाही, उलट अपायकारक ठरू शकते. म्हणून स्वीडनमधील लार्स-योरान अ‍ॅस्ट याने १९८७ मध्ये स्नायू ताणून रक्तदाब टिकविण्याचे तंत्र सुचविले. जुळ्यांच्या अभ्यासांवरून भयगंडांत अनुवंशाचा वाटा मध्यम असल्याचे दिसते. वारसा मिळतो तो बहुधा भयप्रवणतेचा. विशिष्ट भय परिस्थितीने ठरते. कोळी, झुरळ यांसारख्या प्राण्यांच्या बाबतीत भीतीइतकीच किळसही कारणीभूत असते, हे १९९० नंतरच्या संशोधनात पुढे आले आहे. मेंदूतील बदामाच्या आकाराच्या पिंडाचे भीतीच्या शिक्षणातील कार्यही याच काळात उलगडत गेले.

उपचारात सध्या भीतिविषयाशी प्रत्यक्ष, टप्प्याटप्प्याने सामना करण्यावर भर असतो. अ‍ॅस्टने १९८९ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत विशिष्ट भयांवरील हे काम जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीत उरकले जाते. मात्र अशा उपचाराने जुने शिक्षण पुसले जात नाही. मार्क बाउटन याच्या प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसले, की एका जागी विलोपन पावलेली भीती जागा बदलताच परतते. नवे शिक्षण जुन्यावर पडदा टाकते आणि तो पडदा परिस्थितीशी बांधलेला असतो. म्हणून चिकित्सक आता रुग्णाला एकाच खोलीत व एकाच कोळ्यासमोर न बसविता वेगवेगळ्या स्थळी, वेगवेगळ्या वेळी आणि शक्यतो सोबतीशिवाय सराव करायला लावतात.